धुराड्यातून आलेला पाहुणा

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी ट्रॉय नावाचे गाव आहे. तेथून निघणाऱ्या ‘ट्रॉय सेंटिनेल’ ह्या वृत्तपत्राच्या २३ डिसेंबर १८२३ च्या अंकात ५६ ओळींची एक निनावी कविता प्रसिद्ध झाली. ‘अकाउंट ऑफ अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस’, म्हणजे संत निकोलसच्या भेटीचा वृत्तान्त, असे तिचे शीर्षक होते. रचना कोणाची हे ठाऊक नसल्याचे संपादक ऑर्व्हिल हॉली ह्यांनी सोबतच्या टिपणात मोकळेपणी सांगितले आणि त्या अज्ञात कर्त्याचे आभारही मानले. पुढील वर्षांत इतर वृत्तपत्रांनी आणि पंचांगांनी तिचे पुनर्मुद्रण केले. शीर्षकातील ‘वृत्तान्त’ गळून गेला, आणि कालांतराने शीर्षकापेक्षा पहिल्या ओळीतील शब्दांवरूनच ती ओळखली जाऊ लागली. इंग्रजी भाषेत हिच्याहून थोर कविता शेकड्यांनी आहेत. हिच्याहून अधिक घरांत मोठ्याने वाचली गेलेली कविता मात्र सहज सापडणार नाही. मुलांसाठी लिहिलेल्या एका हलक्याफुलक्या रचनेला हे भाग्य कशामुळे लाभले, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे, तितकाच तो इतिहासाचाही आहे.

कवितेत घडते ते अगदी थोडे. नाताळच्या आदल्या रात्री घर निजलेले आहे. शेकोटीपाशी मुलांचे मोजे टांगलेले आहेत. बाहेर अंगणात अचानक आवाज होतो, बाप अंथरुणातून उठून खिडकीशी धावतो आणि चंद्रप्रकाशात उजळलेल्या बर्फावर त्याला एक चिमुकली घसरगाडी दिसते. तिला आठ रेनडिअर जुंपलेले असून एक बुटका म्हातारा ती हाकीत आहे. क्षणार्धात गाडी छपरावर येते, म्हातारा धुराड्यातून काजळी माखलेल्या कपड्यांनिशी खाली उतरतो, मोजे भरतो, आल्या वाटेने निघून जातो आणि जाताना सर्वांना सणाच्या शुभेच्छा देतो. येशूचा जन्म, गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत, चर्च ह्यांपैकी कशाचाही निर्देश ह्या कवितेत नाही. नाताळची म्हणून जगभर गायिली जाणारी ही कविता ख्रिस्तजन्माविषयी एक अक्षरही बोलत नाही, ही गोष्ट तिच्या नेहमीच्या वाचकांच्या लक्षातही येत नाही.

संत निकोलस हा चौथ्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानातील मायरा ह्या नगरीचा बिशप. त्याचा सण ६ डिसेंबरचा. डच लोकांत तो ‘सिंटरक्लास’ म्हणून रूढ होता. ‘सांताक्लॉज’ हे त्याच नावाचे अमेरिकी रूप होय. (आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे, सणांची नावे समुद्र ओलांडताना अशीच आकार बदलतात.) न्यूयॉर्क हे मूळचे डच वसाहतीचे शहर. इंग्रजी अंमल येऊन दीडशे वर्षे लोटल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तेथील काही सुशिक्षित आणि सधन गृहस्थांना ह्या डच भूतकाळाचे आकर्षण वाटू लागले. वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८०९ मध्ये ‘निकरबॉकर’ ह्या टोपणनावाने न्यूयॉर्कचा जो विनोदी इतिहास लिहिला, त्यात संत निकोलसचे उल्लेख जागोजाग आहेत. न्यूयॉर्कच्या इतिहास मंडळाचे संस्थापक जॉन पिंटार्ड ह्यांनी ६ डिसेंबर १८१० रोजी ह्या संताच्या नावाने मेजवानी योजली आणि त्याचे काष्ठचित्र छापून घेतले. त्या चित्रातील निकोलस मात्र अजून बिशपच आहे, गंभीर आणि प्रभामंडलयुक्त. त्याच्या शेजारी दोन मुले दाखविली आहेत: एक भेटी मिळालेले, दुसरे रडणारे.

ते रडणारे मूल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८२१ मध्ये विल्यम गिली ह्या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने ‘द चिल्ड्रन्स फ्रेंड’ ही लहानशी सचित्र पुस्तिका काढली. तिच्यात सांताक्लॉज पहिल्यांदाच रेनडिअरच्या गाडीतून, तोही नाताळच्या आदल्या रात्री येतो. रेनडिअर मात्र एकच आहे. परंतु पुस्तिकेचा शेवट छडीने होतो. आज्ञा न पाळणाऱ्या मुलांसाठी आईबापांच्या हाती द्यावयाची काळी लांब छडी तो ठेवून जातो. दोनच वर्षांनी ट्रॉयच्या पत्रात आलेल्या कवितेत रेनडिअर आठ झाले आणि छडी नाहीशी झाली. येथे आलेला पाहुणा कोणाची झडती घेत नाही. मूल वर्षभर कसे वागले, प्रार्थना म्हणते की नाही, धडे पाठ करते की नाही, हे तो विचारीत नाही. सगळे मोजे सारखे भरले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी बालसाहित्य उपदेशाच्या ओझ्याने किती वाकलेले होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या मौनाचे मोल वेगळे सांगावयास नको. पुढच्या काळात चांगल्या-वाईट मुलांच्या याद्या सांताच्या हाती पुन्हा आल्या. तो दोष ह्या कवितेचा नाही.

नाताळकडे त्या काळचे अमेरिकी लोक एकाच दृष्टीने पाहत नव्हते. न्यू इंग्लंडातील प्युरिटन परंपरेला हा सण अमान्य होता. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंडाचा कायदा होता, आणि कायदा गेला तरी वृत्ती गेली नाही. १८१३ मध्ये मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ह्याच परंपरेतून आलेले होते. मराठी मुलुखात अमेरिकेतून बायबल आले ते असे, सांताक्लॉजला सोडून. दुसरीकडे न्यूयॉर्कसारख्या शहरात नाताळ आणि नववर्ष हा रस्त्यावरच्या धांगडधिंग्याचा काळ असे. युरोपातील जुन्या रीतीप्रमाणे ह्या दिवसांत गरिबांनी श्रीमंतांच्या दारी जावे, गाणी म्हणावीत, खाण्यापिण्याचा हक्क सांगावा आणि तो नाकारल्यास शिव्याशापही द्यावेत, असा संकेत होता. खेड्यात धनी आणि कुळे एकमेकांस ओळखत असल्याने ह्या उलटापालटीला मर्यादा राही. १८२० मध्ये सव्वा लाखाच्या घरात पोहोचलेल्या न्यूयॉर्कमध्ये दार ठोठावणारा अनोळखी असे आणि दार उघडणाऱ्याला त्याची भीती वाटे.

‘द बॅटल फॉर क्रिसमस’ (१९९६) ह्या ग्रंथात इतिहासकार स्टीफन निसेनबॉम ह्यांनी ही पार्श्वभूमी तपशिलाने मांडली आहे आणि कवितेच्या आकलनास तिने नवी दिशा दिली आहे. परंपरेने ह्या कवितेचे कर्तृत्व ज्यांच्याकडे जाते, ते क्लेमंट क्लार्क मूर (१७७९–१८६३) ह्या भयभीत गृहस्थांच्याच वर्गातले. वडील न्यूयॉर्कचे बिशप आणि कोलंबिया कॉलेजचे अध्यक्ष. मूर स्वतः हिब्रू भाषेच्या दोन खंडी कोशाचे (१८०९) कर्ते आणि जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत प्राच्यविद्येचे प्राध्यापक. तेव्हाच्या शहराच्या वेशीबाहेर चेल्सी येथे त्यांची वडिलोपार्जित वाडी होती. शहराच्या आखीव रस्त्यांची योजना १८११ मध्ये ठरली आणि त्यानुसार नववा अॅव्हेन्यू ह्या वाडीच्या मधोमध आला. १८१८ मध्ये मूरनी ह्या रस्तेबांधणीविरुद्ध पुस्तिका लिहून जमीनमालकांना साद घातली. उपयोग झाला नाही. पुढे त्यांनी त्याच वाडीचे तुकडे पाडून विकले आणि भरपूर संपत्ती मिळविली. आणखी एक गोष्ट गाळता येणार नाही. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी कायद्याने संपली. तोवर मूर कुटुंबाच्या घरी गुलाम राबत होते. कवितेतील त्या निजलेल्या घरात नोकरचाकर कोणी दिसत नाहीत. शेकोटी कोणी पेटविली आणि सकाळी राख कोण काढील, ह्याची चौकशी कविता करीत नाही.

ह्या प्रकाशात पाहिले असता कवितेतील मध्यवर्ती प्रसंगाला वेगळी धार येते. मध्यरात्री आवाज होतो, घरमालक दचकून उठतो आणि थोड्याच वेळात एक काजळलेला, पाठीवर गाठोडे घेतलेला, फेरीवाल्यासारखा दिसणारा परका इसम त्याच्या घरात उभा असतो. शहरी गृहस्थाला वाटणारी सर्वांत मोठी धास्ती ती हीच. पण आलेला माणूस काही मागत नाही, तो देतो. त्याचे गोबरे गाल, गदगदणारे पोट पाहून बाप स्वतःला न जुमानता हसतो, आणि तो परका एक डोळा मिचकावतो. भिण्याचे कारण नाही, हे तेवढ्याने कळते. निसेनबॉम म्हणतात त्याप्रमाणे, गरीब आणि धनिक ह्यांच्यातील जुना व्यवहार येथे घराच्या आत, आईबाप आणि मुले ह्यांच्यामधील व्यवहार झाला. दारावरचा याचक गेला, त्याच्या जागी पाळण्यातला याचक आला. ही मीमांसा बरीचशी पटणारी आहे. तरी एका वर्गाची गरज भागली एवढ्यावरून दोनशे वर्षांची लोकप्रियता सिद्ध होत नाही. चेल्सीची वाडी ज्यांनी ऐकलीही नाही, अशा घरांतही ही कविता तितक्याच आवडीने वाचली गेली. तेथे कारण कवितेच्या बांधणीतच शोधावे लागते.

ह्या कवितेत मुले आरंभापासून शेवटापर्यंत झोपलेली आहेत. आईही निजली आहे. जागा आहे तो एकटा बाप, आणि सारे त्याच्या तोंडून ऐकू येते. बालसाहित्यात नायक बहुधा मूल असते; येथे मुलाच्या वाट्याला साक्षही येत नाही. परंतु ऐकणारे मूल तर जागे आहे! आपण गाढ झोपलो असताना काय घडते हे कळावे, ही प्रत्येक मुलाची ओढ, आणि ते पाहण्यासाठी जागे राहिलो तर पाहुणा येणारच नाही, ही त्याची भीती. ह्या दोहोंतून कविता वाट काढते ती बापाचे डोळे मुलाला उसने देऊन. शिवाय ही कविता मूल स्वतः वाचीत नाही, बहुधा आईबाप तिला वाचून दाखवितात. म्हणजे कवितेतील ‘मी’ दरवर्षी, प्रत्येक घरी, वाचणाऱ्याच्या आवाजात नव्याने भरला जातो. अंथरुणाशेजारी बसून ‘मी त्याला पाहिले’ असे सांगणारा हा बाप अर्ध्या तासाने स्वतःच मोजे भरणार असतो. आपल्या गोड कपटाची साक्ष तो आगाऊ देऊन ठेवतो. मोठ्यांना ही कविता मुलांइतकीच प्रिय का, ह्याचे एक उत्तर येथे आहे. मूल वयाने वाढते, खरे काय ते त्याला कळते, आणि पुढे त्याच कवितेत त्याच्यासाठी दुसरी जागा तयारच असते.

दुसरे बळ छंदाचे. ही कविता ज्या वृत्तात आहे त्यात दोन आघातहीन अक्षरे आणि त्यांमागून एक आघातयुक्त अक्षर, असा गण ओळीत चार वेळा येतो. ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा गण ओळखीचा वाटेल. लघु-लघु-गुरू म्हणजे आपला ‘स’ गण, आणि चार ‘स’ गणांचे वृत्त म्हणजे तोटक. अर्थात साम्य आराखड्यापुरते आहे. तोटक अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर उभे असते, इंग्रजी वृत्त उच्चारातील आघातावर. शिवाय इंग्रजी कवी ओळीच्या आरंभीचे एखादे अक्षर खुशाल गाळतो. पण तोटकाची धाव ज्याच्या कानात आहे त्याला ह्या कवितेतील गाडीची घौडदौड शब्द न कळताही जाणवेल. इंग्रजीत हे वृत्त विनोदाला आणि वेगाला वापरीत. क्रिस्टोफर अॅन्स्टीने १७६६ मध्ये बाथ नगरीतील शौकिनांची थट्टा ह्यातच केली, आणि १८१५ मध्ये बायरनने असुरी सैन्याच्या संहाराचे वर्णन करताना ह्यालाच रणधुमाळीत उतरविले. ट्रॉयच्या कवीने तीच चाल शयनगृहात आणली. आठ रेनडिअरांची नावे घेऊन म्हातारा जेथे हाकारा देतो, तो ह्या चालीचा कळस आहे. अर्थापेक्षा नाद पुढे जातो, नावांची माळ मंत्रासारखी जिभेवर बसते. बाकी कविता विसरलेल्यांनाही ती नावे क्रमाने आठवतात. आपल्याकडील बडबडगीतांची मोहिनीही ह्याच जातीची आहे.

ह्या नावांतील शेवटची दोन कर्तृत्वाच्या वादात सापडली. १८२३ च्या छापील पाठात ती ‘डंडर’ आणि ‘ब्लिक्सेम’ अशी, गडगडाट आणि वीज ह्या अर्थाच्या डच बोलीतील शब्दांना धरून आहेत. मूरच्या १८४४ च्या संग्रहात त्यांची ‘डोंडर’ आणि ‘ब्लिट्झेन’ अशी, जर्मनकडे झुकलेली रूपे आली. कवितेवर मूरचे नाव प्रथम १८३७ मध्ये, चार्ल्स फेनो हॉफमन ह्यांच्या न्यूयॉर्कविषयक काव्यसंग्रहात आले. १८४४ मध्ये मूरनी मुलांच्या आग्रहावरून स्वतःच्या कविता छापल्या, तेव्हा तीही त्यांत घेतली. १८२२ च्या नाताळात मुलांसाठी लिहिलेली ही कविता कुटुंबाच्या स्नेह्यांकडून ट्रॉयला पोहोचली, अशी मूरपक्षाची हकीकत. दुसरा दावा हेन्री लिव्हिंग्स्टन ह्यांच्या वंशजांचा. पोकिप्सी येथील हे गृहस्थ (१७४८–१८२८) स्वातंत्र्ययुद्धात मेजर होते, डच रक्ताचे होते, आणि ह्याच वृत्तात सहज पद्ये रचीत. वडिलांनी ही कविता आपणास १८०८ च्या सुमारास वाचून दाखविल्याचे त्यांची मुले सांगत. मूळ हस्तलिखित मात्र आगीत गेले म्हणतात. स्वतः लिव्हिंग्स्टन ह्यांनी कधी हक्क सांगितला नाही, आणि मूरचे नाव छापून येण्यापूर्वीच ते वारले होते.

२००० मध्ये डॉन फॉस्टर ह्यांनी ‘ऑथर अननोन’ ह्या पुस्तकात लिव्हिंग्स्टनच्या बाजूने कौल दिला. २०१६ मध्ये न्यूझीलंडचे अभ्यासक मॅक्डॉनल्ड जॅक्सन ह्यांनी शब्दांच्या आणि ध्वनींच्या वारंवारतेची मोजदाद करून तोच निष्कर्ष काढला. मूरसारखा कर्मठ कोशकार अशी खेळकर कविता लिहूच शकणार नाही, हा फॉस्टर ह्यांच्या युक्तिवादातील एक धागा आहे आणि तो सर्वांत कच्चा आहे. पांडित्य आणि बालकाव्य ह्यांचे वैर असते, असे विंदा करंदीकरांचा वाचक तरी मानणार नाही. मोजदादीचा पुरावा अधिक गंभीर आहे. परंतु ५६ ओळींच्या, अनेकदा पुनर्मुद्रित आणि संपादित झालेल्या पाठावर तो किती भार पेलेल, ह्याविषयी शंका राहते. लेखी नोंदी मूरच्या बाजूने आहेत. मूरनी कविता प्रसिद्धपणे स्वतःची म्हटली, ती स्वहस्ते पुनःपुन्हा उतरवून दिली, आणि वयाच्या ८२ व्या वर्षी, १८६२ मध्ये, इतिहास मंडळासाठी लिहून दिलेली प्रत आजही तेथे जपलेली आहे. तूर्त तराजू मूरकडे झुकतो, एवढेच म्हणावे. वाद इतका लांबला ह्याचे एक कारण कवितेतच असावे. प्रत्येक वाचणाऱ्याच्या तोंडी ‘मी’ म्हणून जी शोभते, ती एखाद्या कुटुंबाला ‘आमच्या वडिलांची’ वाटली, तर त्यात अप्रामाणिकपणा असलाच पाहिजे असे नाही.

चित्रकारांनी पुढे ह्या पाहुण्याला मोठे केले, आणि हे शब्दशः खरे आहे. कवितेतील निकोलस परीकथेतल्या खुज्यासारखा आहे. त्याची गाडी आणि रेनडिअरही इवलेसे आहेत. म्हणून तर तो धुराड्यातून उतरू शकतो. मूळचे जर्मन असलेले व्यंगचित्रकार टॉमस नॅस्ट ह्यांनी यादवी युद्धाच्या ऐन काळात, जानेवारी १८६३ मध्ये, ‘हार्पर्स वीकली’त त्याला उत्तरेच्या सैनिकांच्या छावणीत भेटी वाटताना दाखविले, ताऱ्या-पट्ट्यांचा पोशाख चढवून. १८८१ पर्यंत नॅस्टच्या हातून तो धिप्पाड, लठ्ठ म्हातारा झाला होता. १९३१ पासून हॅडन सुंडब्लॉम ह्यांनी कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी त्यालाच लाल रंगात घराघरांत नेले. १९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड ह्या दुकानदार कंपनीसाठी रॉबर्ट मे ह्यांनी रूडॉल्फ ह्या नवव्या रेनडिअरची पद्यकथा त्याच वृत्तात रचली. पहिल्याच मोसमात तिच्या सुमारे २४ लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या. ह्या सगळ्या पसाऱ्याचे पाप कवितेच्या माथी मारणे सोपे आहे. तिच्यातील भेटी मात्र एका मोज्यात मावणाऱ्या आहेत.

भारतातील वाचकाला ही कविता बहुधा इंग्रजी शाळेच्या वाचनपुस्तकातून भेटते. बर्फ, धुराडे, शेकोटी ह्यांतले काहीच भोवती नसताना मुंबईतील मुले ती म्हणतात, आणि अडखळत नाहीत. मराठीत ख्रिस्तजन्माची कथा ह्या कवितेच्या दोनशे सात वर्षे आधी आली होती, ती वेगळ्याच वाटेने. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात बाळ येशू आहे, मरिया आहे, साऱ्या सृष्टीचा आनंद आहे. आणि सांगण्याची रीत पुराणिकाची, म्हणजे श्रोत्यांच्या मेळ्यासाठी आहे. एक कथा चर्चच्या अंगणात जमलेल्या समुदायाला सांगावयाची, दुसरी दार लावून घेतल्यावर एकाच अंथरुणाशी. नाताळचे हे दोन प्रकार गोव्यात आणि वसईत आज एकाच घरात नांदताना दिसतात: अंगणात गव्हाणीचा देखावा, आणि दिवाणखान्यात कापसाची दाढी लावलेला म्हातारा.

२०१२ मध्ये कॅनडात ह्या कवितेची एक आवृत्ती निघाली. मुलांना धूम्रपानाचे वळण लागू नये म्हणून प्रकाशिकेने निकोलसच्या तोंडचा पाइप आणि डोक्याभोवतीचा धूर ह्यांच्या ओळी काढून टाकल्या. ग्रंथपालांच्या वर्तुळातून आक्षेप आले, वृत्तपत्रांतून चर्चा झाली. ती बव्हंशी आरोग्य आणि पाठशुद्धी ह्यांपुरती राहिली. पाइपचा आखूडपणा कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. १८२० च्या दशकात न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित गृहस्थ लांब नळीचा पाइप ओढीत, आणि आखूड, तुटक्या नळीचा पाइप मजुराच्या तोंडी दिसे. काजळी, गाठोडे आणि तो थोटका पाइप एवढ्यावरून, आत शिरलेला माणूस रस्त्यावरचा आहे, हे त्या वेळच्या वाचकाला ओळखता येत होते.